वेलंकनीला निघण्याआधी



रोवणी आटोपत आली की आपल्या धर्मग्रामात वेलंकनीची बोलणी सुरू होतात. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या व्हरांड्यात कोण कोण निघणार, तिकिटे कोणी काढायची, शिदोरी किती दिवसांची बांधायची, याची चर्चा रंगते. २९ ऑगस्टला तिथे मातेचा ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, मोठा सण होतो. एटापल्लीहून तिथवर जाणे सोपे नाही. आपल्या तालुक्यात रेल्वे नाही. एसटीने आलापल्ली, तिथून बल्लारशा, बल्लारशाहून चेन्नईची गाडी, चेन्नईहून पुन्हा नागपट्टणमच्या दिशेने, आणि मग बंगालच्या उपसागराच्या काठावरचे ते गाव. त्यातून दिवस पावसाचे. नाल्याच्या पुलावरून पाणी गेले की घरून निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरच अडकतो. तरीही लोक जातात, आणि ज्यांना जाता येत नाही ते जाणाऱ्यांच्या हाती मेणबत्तीचे पैसे देतात.

या ओढीचे आपल्याला कौतुक आहे. पण निघण्याआधी काही प्रश्न स्वतःला विचारून घेणे बरे. बॅग भरताना आपण तिकीट, औषध, छत्री सगळे आठवणीने घेतो. मनाची तयारी मात्र गाडीत बसल्यावर करू म्हणून ठेवून देतो. गाडीत बसल्यावर फार उशीर झालेला असतो.

आपल्यातल्या एका आजीबाईंनी मागे एकदा सरळच विचारले होते, "इथं माय नाही का? मग तिकडं कायले जाता?" ऐकणारे हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ख्रिस्तसभेतील मोठमोठ्या माणसांनाही तो पडलेला आहे. चौथ्या शतकात निस्सा येथील बिशप संत ग्रेगरी स्वतः येरुशलेमला जाऊन आले होते. पुढे त्यांनी एका पत्रात लिहिले, त्याचा आशय असा की जागा बदलल्याने कोणी परमेश्वराच्या अधिक जवळ जात नाही. मनात वाईट विचार भरलेले असतील तर प्रभूच्या कबरीपाशी उभे राहूनही माणूस दूरच असतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री येशूला हेच विचारते: उपासना आमच्या डोंगरावर करायची की येरुशलेमात? प्रभू तिला कोणत्याही एका डोंगराचा पत्ता देत नाही. पित्याची उपासना आत्म्याने आणि खरेपणाने करणारे त्याला हवे आहेत, असे तो सांगतो. आपल्या महाराष्ट्रातही संत सावता माळ्यांची आठवण लोक सांगतात. अरणच्या मळ्यात काम करता करताच त्यांना विठ्ठल भेटला, त्यासाठी ते पंढरपूरला गेले नाहीत.

मग जायचेच कशाला? तर दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. संत लूक सांगतो की मरिया आणि योसेफ दरवर्षी वल्हांडणाच्या सणाला येरुशलेमला जात. नाझरेथच्या घरात प्रत्यक्ष देवपुत्र वावरत असताना त्यांनी यात्रा सोडली नाही. ज्यांच्या घरी येशू होता त्यांनाही मंदिराकडे पाय वळवावेसे वाटले, तर आपल्याला वाटले यात नवल नाही. माणूस केवळ मनाचा बनलेला नाही, त्याला पाय आहेत. प्रेम असले की पाय चालू लागतात. हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला लोटणारी गर्दी आपण पाहतो. सुरजागडच्या ठाकुरदेवाच्या यात्रेला डोक्यावर तांदूळ आणि भांडी घेऊन चालत जाणारे माडिया बांधव आपले शेजारी आहेत. दर दोन वर्षांनी गोदावरीपलीकडे मेडारामला सम्मक्का-सारलम्माच्या जत्रेला जाणारेही आहेत. श्रद्धा वेगळ्या असतील, पण घर सोडून, गैरसोय सोसून, आपल्याहून मोठ्या कोणाला तरी भेटायला जायचे ही ओढ सगळ्यांची एकच आहे.

म्हणजे यात्रेला जाणे चांगले की वाईट, हा खरा प्रश्न नव्हे. खरा प्रश्न असा की आपण जे घेऊन निघतो ते आपले आहे का?

आधी पैशाचे पाहू. बेथानीच्या घरात एका स्त्रीने येशूवर फार महागडे सुगंधी तेल ओतले. हे तेल विकून पैसे गोरगरिबांना देता आले असते, अशी कुरकुर झाली. योहान सांगतो की ती यहूदाने केली. येशूने त्या स्त्रीची बाजू घेतली. यावरून आपण शिकतो की देवावरच्या प्रेमापोटी केलेला खर्च वाया जात नाही. गरिबालाही असा खर्च करण्याचा हक्क आहे. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडून, पुडके बांधून मिळवलेल्या पैशातून एखादी बाई वेलंकनीचे तिकीट काढत असेल, तर "एवढे पैसे कशाला घालवले?" असे तिला विचारणारे आपण कोण? दोनशे रुपयांचा मोबाइल रिचार्ज आणि लग्नातला बँड आपल्याला उधळपट्टी वाटत नाही, मग तिची यात्राच का वाटावी?

पण शुभवर्तमानात दुसरीही एक गोष्ट आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू 'कुर्बान' या प्रथेबद्दल बोलतो. काही लोक आईवडिलांना सांगत, "तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचे होते ते मी देवाला वाहिले आहे." एकदा असे म्हटले की म्हाताऱ्या आईबापाला काही देण्याची जबाबदारी संपली. वर धर्मही पाळला गेला. येशूने यावर फार कडक शब्दांत बोट ठेवले आहे. माणसाच्या रूढीसाठी तुम्ही देवाची आज्ञा मोडता, असा त्याचा आरोप होता.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. बेथानीच्या स्त्रीने उधळले ते तिचे स्वतःचे होते. कुर्बान म्हणणाऱ्याने देवाला वाहिले ते आईबापाच्या हक्काचे होते. दोघांनीही देवाचेच नाव घेतले, तरी एकीची भक्ती ठरली आणि दुसऱ्याचा अन्याय. रक्कम किती यावर हे ठरले नाही, ती कोणाची यावर ठरले.

म्हणून तिकीट काढण्यापूर्वी घरातली वही उघडावी. किराणा दुकानाची उधारी किती राहिली? मागच्या आजारपणात भावाने दिलेले पैसे परत केले का? रोवणीला आलेल्या बायांची मजुरी चुकती झाली का? आपल्या शेतात चिखलात वाकून ज्यांनी धान लावले, त्यांचे पैसे अडकवून आपण मातेपुढे मेणबत्ती लावली, तर ती मेणबत्ती कोणाच्या पैशाची?

इथे नवसाचा विचार येतो, आणि तो अवघड आहे. आपल्यापैकी पुष्कळजण नवस फेडायला जातात. पावसाळ्यात आपल्या भागात हिवताप किती घरांत शिरतो हे सांगायला नको. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोली जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. रात्री लेकरू तापाने फणफणते, दवाखाना दूर, वाटेत नाला. अशा वेळी आईच्या तोंडून "माते, याला वाचव, मी तुझ्या दारी येईन" असे निघाले, तर त्यात चूक काय? तो व्यवहार नसतो, ती हाक असते.

व्यवहार पुढे सुरू होतो. मूल बरे होते, दिवस जातात, आणि मनात भीती बसते: नवस फेडला नाही तर माता कोपेल, मूल पुन्हा आजारी पडेल. मग व्याजाने पैसे काढले जातात. समजा, एका घरात असेच झाले आहे. नवस दोन वर्षांपूर्वीचा. यंदा पैसे जमले, पण नेमक्या याच वर्षी मोठ्या मुलीला पुढच्या शिक्षणासाठी आश्रमशाळेतून बाहेर गावी पाठवायचे आहे. दोन्ही होण्यासारखे नाही. अशा घराने काय करावे?

ख्रिस्तसभेची शिकवण इथे आपल्या मदतीला येते. नवस म्हणजे शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीचे, समजून-उमजून, कोणाच्या दडपणाखाली न येता देवाला दिलेले वचन. ते पाळायचे असते; देवाला दिलेला शब्द हलका नसतो. पण जी गोष्ट दुसऱ्याचे नुकसान करूनच होणार असेल, ती अधिक चांगली कशी म्हणायची? म्हणूनच खासगी नवस तितक्याच किंवा त्याहून चांगल्या कृतीत बदलण्याची वाट ख्रिस्तसभेच्या कायद्यात ठेवलेली आहे. योग्य कारण असेल तर अधिकार असलेल्यांकडून त्यातून मोकळीकही मिळते. हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते उगाच भीतीचे ओझे वाहत राहतात. अशांनी फादरांशी मोकळेपणाने बोलावे. मुलीच्या शाळेची फी ही मातेशी केलेली फसवणूक होत नाही.

खुद्द वेलंकनीची परंपरा काय सांगते ते पाहा. दूध घेऊन निघालेला एक गुराखी मुलगा तळ्याकाठी झाडाखाली विसावला होता. त्याला एक तेजस्वी स्त्री दिसली, तिच्या कडेवर बाळ होते. तिने त्या मुलाकडे काय मागितले? बाळासाठी दूध. नवस नाही, सोने नाही, मेणबत्ती नाही. त्या ठिकाणची पहिली आठवणच अशी आहे की एक आई आपल्या बाळासाठी दूध मागते. मग आपल्या लेकरांचे दूध तोडून तिच्या दारी जाणे तिला कसे आवडेल?

आणि माता कोपते ही भीतीही सोडून द्यायला हवी. २६ डिसेंबर २००४ हा रविवार होता, ख्रिस्तजयंतीचा दुसरा दिवस. त्या सकाळी त्सुनामीची लाट वेलंकनीच्या किनाऱ्यावर आली आणि शेकडो माणसे गेली. त्यांत दूरदूरहून आलेले यात्रेकरू होते, नवस फेडायला आलेले होते, लहान मुले होती. त्यांची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याची हिंमत कोणाला आहे? शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले आहे. यात्रा म्हणजे विमा नव्हे. केली म्हणून संकट टळेलच असे नाही, आणि राहिली म्हणून संकट येते असेही नाही. तिथे गेल्यावर आपण एकच गोष्ट नक्की करू शकतो: जो आपल्यावर प्रेम करतो त्याच्यापाशी थोडा वेळ बसू शकतो. तेवढ्यासाठी हजार मैल जावेसे वाटले तर अवश्य जावे.

पैशाच्या खालोखाल वेळेचा हिशेब. आठ-दहा दिवस आपण घराबाहेर राहणार. त्या दिवसांत गाई-बैल कोण सोडणार? अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला पाणी कोण देणार? बहुतेक घरांत याचे उत्तर एकच असते: धाकटी सून, नाहीतर थोरली मुलगी. तिची शाळा आठवडाभर बुडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण कारण धर्माचे असते. आपण म्हणतो, "आम्ही यात्रेला गेलो." खरे तर तिच्या दिवसांवर गेलो. निघण्याआधी निदान तिला विचारावे. शेजारच्या घराशी बोलून कामे वाटून द्यावीत. आणि पुढच्या वर्षी तिला पाठवून आपण घरी राहावे.

घरी राहणाऱ्यांसाठी जुन्या करारात एक फार दिलासा देणारी जागा आहे. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, तिसाव्या अध्यायात, दावीदाबरोबरचे दोनशे लोक थकून ओढ्याकाठी सामानापाशी थांबले. पुढे गेलेले जिंकून आले तेव्हा काहीजण म्हणाले, मागे राहिलेल्यांना लुटीतला वाटा द्यायचा नाही. दावीदाने ते मानले नाही. लढायला गेलेल्याचा जेवढा वाटा, तेवढाच सामान राखणाऱ्याचा, असा त्याने नियमच केला. यात्रेचे पुण्यही असेच वाटले जाते, असे आम्हाला वाटते. गोठा सांभाळणारी मुलगी आणि बसिलिकेत गुडघे टेकणारी तिची आई, दोघी एकाच यात्रेत आहेत.

तिसरा हिशेब सगळ्यांत जड. येशूने मत्तयच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण नेताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. नीट वाचले तर लक्षात येते, आपल्या मनात राग आहे का असे प्रभू विचारत नाही; दुसऱ्याच्या मनात काय आहे ते विचारतो. आपण सहज म्हणतो, "माझ्या मनात काही नाही." पण धुऱ्याच्या वादावरून ज्या चुलतभावाशी तीन वर्षे बोलणे नाही, त्याच्या मनात काय आहे? पोळ्याला त्याचे बैल आपल्या दारावरून गेले आणि आपण आत निघून गेलो, ते त्याने पाहिले नसेल?

युरोपात मध्ययुगात यात्रेकरू निघताना काय करीत, हे जाणून घेण्यासारखे आहे. दूरच्या यात्रेहून परत येण्याची खात्री नसे. म्हणून निघण्यापूर्वी देणी फेडायची, मृत्युपत्र करायचे, ज्यांचा अपराध केला त्यांची क्षमा मागायची, प्रायश्चित्त संस्कार घ्यायचा, अशी रीत होती. मग धर्मगुरू यात्रेकरूच्या काठीला आणि झोळीला आशीर्वाद देत. आशीर्वाद शेवटी यायचा. त्याआधी माणसाला आपल्याच गावातली सगळी दारे फिरून यावे लागे. कधीकधी ती गावातली चार दारेच येरुशलेमच्या वाटेपेक्षा लांब वाटत असतील. आपलाही अनुभव वेगळा नाही. बल्लारशाच्या गाडीत बसायला हिंमत लागत नाही. चुलतभावाच्या अंगणात पाऊल टाकायला लागते.

समेट झालाच नाही तर? कधी समोरचा दार उघडत नाही. कधी आपल्यावर खरेच मोठा अन्याय झालेला असतो आणि "क्षमा कर" हे म्हणायचे त्याने असते. अशांनी यात्रेला जाऊ नये असे प्रभू म्हणत नाही. आपण आपले पाऊल टाकावे. त्याचे पाऊल त्याच्याकडे सोडावे. आणि मग त्याचे नाव घेऊन निघावे. ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी मातेपुढे एक मेणबत्ती लावणे, ही त्या यात्रेतली कदाचित सर्वांत महाग मेणबत्ती असेल.

तेव्हा जाणाऱ्यांना विनंती, येत्या दोन आठवड्यांत एवढे करून पाहा. जी उधारी फेडता येते ती फेडा, फेडता येत नाही तिच्यासाठी त्या माणसाला भेटून मुदत मागा. घरी राहणाऱ्यांची सोय त्यांना विचारून करा. एका तरी रुसलेल्या माणसाच्या दारी जाऊन या. निघण्याआधीच्या शनिवारी प्रायश्चित्त संस्कार घ्या. घरात आजारी कोणी असेल आणि मन अडखळत असेल तर खुशाल थांबा. माता पुढच्या वर्षीही तिथेच आहे. राहणाऱ्यांना विनंती, मेणबत्तीच्या पैशांबरोबर आपले मागणेही एका चिठ्ठीवर लिहून द्या, आणि रोज संध्याकाळी जाणाऱ्यांसाठी जपमाळेचे एक दशक म्हणा.

आणि परत आल्यावर? संत लूकने त्या येरुशलेमच्या यात्रेचा शेवटही सांगितला आहे. परतीच्या वाटेवर एक दिवसाची मजल झाली, तेव्हा मरिया आणि योसेफच्या लक्षात आले की येशू सोबत नाही. तो सोबतच्या लोकांत असेल असे त्यांनी धरून चालले होते. जिथे साक्षात मरियेच्या बाबतीत असे घडले, तिथे आपण फोटो, तेलाच्या बाटल्या आणि प्रसाद सांभाळताना त्याला गर्दीत मागे ठेवून येणे किती सोपे! तो सापडल्यावर ते तिघे नाझरेथला परतले आणि शुभवर्तमान पुढे सांगते, येशू त्यांच्या आज्ञेत राहिला. म्हणजे यात्रेनंतर पुन्हा तेच घर, तेच काम, तेच शेजारी.

आपली यात्रा पार पडली की नाही हे गळ्यातल्या पदकावरून कळणार नाही. किराणा दुकानदाराला कळेल, रोवणीला आलेल्या बायांना कळेल, धुऱ्यापलीकडच्या भावाला कळेल. त्यांनी म्हटले पाहिजे, "हे लोक कुठूनतरी खरेच जाऊन आले."

वेलंकनी माता जाणाऱ्यांच्या वाटेवर आणि राहणाऱ्यांच्या घरात आपल्या सर्वांसाठी विनंती करो.